जिवाणूजन्य योनिसंसर्ग

योनिमार्गातील उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटून ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारे जिवाणू बळावल्याने होणारा विकार. ह्यूस्टन येथील हर्मन गार्डनर व चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये याचे वर्णन केले; गार्डनेरेला व्हजायनॅलिस हे जिवाणूनाम त्यावरूनच आले. योनी आतून धुणे व नवा लैंगिक जोडीदार यांमुळे धोका वाढतो.

लक्षणे : पातळ, करडा-पांढरा स्राव व माशांसारखा वास, अनेकींना त्रास जाणवत नाही. तीव्र खाज व दह्यासारखा घट्ट स्राव बहुधा बुरशीकडे निर्देश करतो (पहा : कँडिडा संसर्ग). ॲम्सेल निकषांनुसार (१९८३) चारपैकी तीन खुणा निदानास पुरतात : एकजिनसी स्राव, ४.५ हून अधिक पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकलेल्या पेशी.

उपचार : मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ७ दिवस, किंवा क्लिंडामायसिन मलम, वैद्यकीय सल्ल्याने. विकार वारंवार उलटतो. पुरुष जोडीदारावरही उपचार केल्यास हे प्रमाण घटते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत आढळले. दुर्लक्षित संसर्गाचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळतो व एचआयव्ही लागणीचा धोका वाढतो (पहा : गर्भारपण; एड्स).

'अंगावरून पांढरे जाणे' म्हणून हे दुखणे सर्रास अंगावर काढले जाते. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांच्या १९८९ मधील गडचिरोली पाहणीत ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले; पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.