बर्थाबाईंची माहेरची वाट

माहेरी जाण्याचा बेत आपण प्रत्येकीने आयुष्यात कितीतरी वेळा केलेला आहे. मुलांच्या सुट्ट्या केव्हा, मागे घरच्यांच्या जेवणाचे काय, गाडी किती वाजता, बरोबर डबा कोणता, या सगळ्याचा मेळ घालता घालता निम्मी हौस घरीच संपून जाते. जर्मनीतील मॅनहाइम शहरी राहणाऱ्या बर्था बेन्झ या बाईंनी १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात असाच एक बेत केला. त्यांचे माहेर फोर्झहाइम या गावी. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. दोन्ही शहरांच्या दरम्यान आगगाडी होती. तिकीट काढून बाई सुखाने जाऊ शकल्या असत्या. पण त्या आगगाडीने गेल्या नाहीत. यजमान झोपेत असताना त्यांनी स्वतः बनविलेली तीन चाकांची मोटार शेडमधून बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन एका दिवसात त्या माहेरी पोहोचल्या. इतक्या लांबचा मोटारप्रवास त्यापूर्वी जगात कोणी केलेला नव्हता.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी गमतीची म्हणून सांगतात. टोपीची पिन आणि पायमोज्याचा पट्टा एवढेच तिच्यातले ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. मला मात्र ती वाचल्यापासून वाटत आले आहे की यात गंमत थोडी आणि हिशेब फार होता. तो हिशेब मांडून दाखवावा म्हणून हा लेख.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ चा. माहेरचे आडनाव रिंगर. वडील बांधकामाच्या धंद्यात चांगले पैसे मिळविलेले. मुलगी झाली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलात ‘पुन्हा मुलगीच’ अशा अर्थाची खेदाची नोंद केली होती आणि पुढे तिने ती वाचली, असे सांगतात. (ही नोंद आपल्याकडच्या किती घरांत शाईशिवाय लिहिली गेली असेल, ते आपले आपल्याला ठाऊक.) कार्ल बेन्झ या तरुण यंत्रज्ञाशी तिचे लग्न ठरले. त्याच्या अंगी विद्या होती, पण खिसा रिकामा होता. भागीदाराशी पटेना आणि कारखाना हातचा जाण्याची वेळ आली. तेव्हा लग्नाआधीच बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि त्या पैशाने भागीदाराला बाजूला केले. लग्न २० जुलै १८७२ रोजी झाले. म्हणजे नवऱ्याच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी ती त्याच्या कारखान्यात पैसे घालून बसली होती.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. कर्जे झाली, मुले झाली, इंजिन काही चालेना. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर बर्थाबाई म्हणाल्या, चला, पुन्हा एकदा कारखान्यात जाऊन बघू. दोघे गेले, आणि त्या रात्री ते इंजिन प्रथमच नीट चालू लागले. १८८३ मध्ये नवे भागीदार मिळून ‘बेन्झ आणि कंपनी’ स्थापन झाली. २९ जानेवारी १८८६ रोजी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्या पेटंटचा क्रमांक ३७४३५. त्यावर नाव ‘बेन्झ आणि कंपनी’चे. त्याच वर्षी जुलैत ती गाडी मॅनहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर चालविली गेली.

आणि इथे घोडे अडले. गाडी होती, पेटंट होते, पण गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. घोडे टांगा ओढत असता या धूर काढणाऱ्या यंत्रावर पैसे कोण घालणार? शिवाय कार्लसाहेबांचा स्वभाव असा की अजून हे सुधारायचे, अजून ते बदलायचे. गाडी गावाभोवती थोडी फिरवावी आणि परत शेडमध्ये ठेवावी. बर्थाबाईंना लग्नाला सोळा वर्षे झाली होती. हुंडा त्यात गेला होता, तरुणपण त्यात गेले होते. ही गाडी लांब जाऊ शकते की नाही हे कोणीतरी एकदा प्रत्यक्ष रस्त्यावर पाहायला हवे होते. ती वाटेत कायमची बंद पडली असती तर मॅनहाइमभर हसे झाले असते, आणि हसे झालेले यंत्र कोण विकत घेतो? हा धोका पत्करून त्या निघाल्या.

आता त्यांच्या आखणीकडे पाहू. आज आपल्या मंडळाची सहल काढायची म्हटले तर आपण आधी काय विचारतो? चहा कुठे मिळेल, स्वच्छतागृह कुठे आहे, अंधार पडण्याच्या आत घरी येऊ ना. बर्थाबाईंचे प्रश्न थोडेफार असेच होते, फक्त ते गाडीच्या पोटापाण्याचे होते.

पहिला प्रश्न दिवसाचा. ऑगस्टच्या सुरुवातीस मुलांना शाळेची सुट्टी होती. मोठा ऑयगेन पंधरा वर्षांचा आणि धाकटा रिचर्ड तेरा वर्षांचा; दोघेही बापाच्या कारखान्यात वावरलेले आणि यंत्राची माहिती असलेले. दोन लहान मुलींना या प्रवासात नेले नाही. उन्हाळ्यात तिकडे दिवस मोठा असतो. पहाटे निघाले तर पुष्कळ तास उजेड मिळतो. गाडीचा वेग फार तर ताशी सोळा किलोमीटर, तोही सपाटीवर आणि सगळे सुरळीत असेल तर. रात्री चालवण्यासारखी ती गाडी नव्हती. तेव्हा पहाटे निघून सूर्यास्ताच्या सुमारास पोहोचायचे, हे गणित आधी मनाशी केल्याशिवाय जमण्यासारखे नव्हते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. त्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी भोवती पाणी असे आणि ते उकळून वाफ होऊन उडून जाई. भाताचे आधण मोठ्या आचेवर ठेवून विसरले तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. पुन्हापुन्हा पाणी घालत राहायचे, एवढाच उपाय. म्हणून रस्ता वस्तीवस्तीतून जाणारा हवा. ओढा, विहीर, खाणावळ, जिथे मिळेल तिथे पाणी भरून घ्यायचे.

तिसरा प्रश्न इंधनाचा, आणि तो सर्वांत बिकट. पेट्रोलपंप ही वस्तू जगात नव्हती. गाडीत इंधन मावायचे साडेचार लिटरांच्या आसपास. ती चालायची लिग्रॉईन नावाच्या एका हलक्या तेलावर. हे तेल कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी लोक वापरत आणि ते औषधांच्या दुकानात मिळे. कपड्याचे डाग कशाने जातात आणि ती बाटली कुठल्या दुकानात मिळते, हे घरातल्या पुरुषाला विचारून पाहा! ज्या गावात औषधवाला आहे ते गाव बर्थाबाईंच्या वाटेवरचा टप्पा झाले.

वाटही बघा. मॅनहाइमहून हायडेलबर्ग, तिथून वीसलोख, मग ब्रुखझाल, दुर्लाख, आणि शेवटी फोर्झहाइम. दुर्लाखपर्यंत बराचसा मुलूख ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातला, सपाट. डोंगर सुरू होतात ते त्यापुढे, म्हणजे गाडी आणि माणसे दोन्ही दमलेली असताना. माहेरची वाट असल्यामुळे चढ कुठे लागतात हे बाईंना नक्कीच माहीत असणार. वाटेत शहरे, लोहार, मोची, तारघर सर्व काही होते. ओसाड आडवाट त्यांनी धरली नाही.

तर पहाटे तिघांनी गाडी आवाज न करता ढकलत बाहेर नेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर आजीकडे जात असल्याची चिठ्ठी ठेवली होती, असे सांगतात. मोटारीने जातो हे त्या चिठ्ठीत नव्हते म्हणे. नवऱ्याला न सांगता जाणे योग्य की अयोग्य, यावर आमच्या भिशीत बराच वाद झाला. माझे मत विचाराल तर ज्या गाडीत आपला हुंडा आहे ती एक दिवस न विचारता नेली तर त्यात चोरी कसली?

हायडेलबर्ग गाठले. वीसलोखला इंधन संपत आले तेव्हा बाई औषधांच्या दुकानात गेल्या आणि लिग्रॉईन विकत घेतले. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात. औषधवाल्याला बिचाऱ्याला वाटले असेल की या बाईंच्या कपड्यांवर फारच मोठा डाग पडला आहे.

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. माझ्या लहानपणी आमच्या आईच्या रॉकेलच्या स्टोव्हचे बर्नर असेच तुंबायचे आणि शेजारी पिन ठेवलेलीच असे. स्टोव्हला पिन मारणे हे घरातले रोजचे काम होते. त्यामुळे या प्रसंगाचे लोकांना एवढे नवल का वाटते ते मला कळत नाही. खरे नवल असे की नळीच तुंबली आहे, दुसरे काही नाही, हे त्यांनी ओळखले. मग ठिणगी पाडणाऱ्या तारेचे आवरण गेले. तिथे पायमोजा वर धरणारा पट्टा गुंडाळून काम भागविले. चाके फिरविणाऱ्या साखळ्या सैल पडल्या, तेव्हा ब्रुखझालला लोहाराची मदत घेतली.

दुर्लाखच्या पुढे चढ लागले आणि इंजिनाची ताकद कमी पडू लागली. जेमतेम दोन-अडीच अश्वशक्तीचे यंत्र आणि वेगाचे टप्पे दोनच. मग वजनाने हलका म्हणून रिचर्डला वर बसवून सुकाणू त्याच्या हाती दिले, आणि आई व थोरला मुलगा मागून ढकलू लागले. पायघोळ झगा, धुळीचा रस्ता, ऑगस्टचे ऊन, आणि पुढे लोखंडी गाडी. उतारावर निराळेच संकट. ब्रेक म्हणजे चाकावर दाबणारे लाकडी ठोकळे. ते झिजून गेले. त्या प्रवासात बाउश्लोट गावच्या एका मोच्याकडून बाईंनी त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. आज मोटारीच्या ब्रेकला जे अस्तर असते, त्याची सुरुवात या चामड्यापासून झाली असे मानतात. सोय सुचली बाईंना आणि हात लागला मोच्याचा. त्या कारागिराचे नाव मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही.

दिवस मावळताना ती फोर्झहाइमला पोहोचली. बाईंनी नवऱ्याला सुखरूप पोहोचल्याची तार केली. काही दिवस राहून तिघे दुसऱ्या वाटेने, ब्रेटेनवरून, त्याच गाडीने परत आले. जाऊनयेऊन सारा प्रवास सुमारे १९४ किलोमीटर झाला.

या प्रवासाचे फळ काय? गाडी लांब जाते हे सिद्ध झाले, ते तर झालेच. पण बाईंनी घरी येऊन ती कुठे कमी पडते तेही सांगितले. चढासाठी आणखी एक वेगाचा टप्पा गाडीत बसविण्यात आला. सप्टेंबर १८८८ मध्ये म्यूनिक येथील यंत्रप्रदर्शनात कार्ल बेन्झ यांनी गाडी चालवून दाखविली आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. १८९९ साली त्यांच्या कारखान्याने ५७२ गाड्या तयार केल्या. त्या वेळी तो जगातील सर्वांत मोठा मोटारकारखाना होता.

कार्ल बेन्झ यांनी १९२५ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पत्नीच्या धीराचे ऋण त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले आहे, ते वाचून बरे वाटते. या प्रवासाच्या हकिकतीत मात्र मुलांच्या खोडकरपणाचा सूर जास्त आहे. आई जणू त्या कटात सामील झालेली. मुलांना हौस असेलच, ती कोणत्या मुलांना नसते? पण तेरा आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या हौसेवर कोणी आई आपली सोळा वर्षांची पुंजी पणाला लावत नाही. आपल्या घरांतही एखादे काम बाईने मनात आखून, वेळ साधून, सर्वांना सांभाळून पार पाडले की मागून म्हणतात, ‘सहज जमले हो!’

बर्थाबाई दीर्घायुषी होत्या. कार्ल १९२९ साली वारले. त्यानंतर पंधरा वर्षे त्या जगल्या. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानाचे सभासदत्व दिले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेत मोटारव्यवसायातील थोर व्यक्तींचे एक सन्मानदालन आहे. कार्ल यांचे नाव तिथे १९८४ मध्ये लागले. बर्थाबाईंचे लागले २०१६ मध्ये.

त्यांच्या वाटेला २००८ साली सरकारी मान्यता मिळाली. मॅनहाइमहून फोर्झहाइमला जायची एक वाट आणि परत यायची दुसरी, अशा दोन्ही रस्त्यांवर आता बर्था बेन्झ यांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि लोक आपापल्या मोटारी घेऊन त्यांच्या माहेरापर्यंत जाऊन येतात.