शिंदीचा गूळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी पाटावर ठेवतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. वऱ्हाडात तिला फडा म्हणतात, आणि हा फडा पूर्वापार शिंदीच्या पात्यांचा. ज्या झाडाचे पान आपण लक्ष्मी म्हणून पूजतो, त्याचे नाव निघताच मात्र घरातील वडील माणसांच्या कपाळाला आठी पडते. कारण आपल्या भाषेत झाडही शिंदी आणि त्याच्या रसाची दारूही शिंदी. त्याच रसाचा उत्तम गूळ होतो. पण त्या गुळाला भाषेने स्वतःचे नाव दिले नाही. ताडाच्या नावावरून त्यालाही ‘ताडगूळ’च म्हणतात. असे का झाले, याचा शोध घेण्यासारखा आहे.

मी नांदगाव खंडेश्वरचा. टेकडीवर खंडेश्वराचे यादवकालीन हेमाडपंती देऊळ, खाली काळी जमीन. पूर्वी कपाशी आणि ज्वारी, आता सोयाबीन आणि तूर. नाल्याकाठी शिंदीची झाडे असत. लहानपणी आम्ही शिंदोळ्या वेचून खात असू. काही खोडांवर दोन्ही बाजूंना आळीपाळीने खाचा पडलेल्या दिसत. आम्हांला वाटे, चढण्यासाठी केलेल्या त्या पायऱ्याच. खरे पाहता ती झाडाची वही होती. रस काढणारा एका साली शेंड्याखालची एक बाजू सोलतो, पुढच्या साली दुसरी. झाड वर वाढते, खाच मागे राहते. खाचा मोजाव्या, म्हणजे झाड किती हिवाळे पाझरले ते समजते.

हा उद्योग हिवाळ्याचा. संध्याकाळी शेंड्याजवळचा सोललेला भाग पातळ तासून त्याखाली मडके बांधायचे. मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे रस लवकर आंबत नाही. सूर्य वर येण्याआधी मडके उतरवायचे. हा ताजा रस म्हणजे नीरा. तो गाळून पसरट कढईत उकळायचा, वर येणारी मळी काढायची, आणि पाक दाट झाला की एक थेंब पाण्यात टाकून पाहायचा. त्याची गोळी वळली की कढई उतरवून घोटायचे आणि साच्यात ओतायचे. रसात साखर शेकडा दहा-बारा. म्हणजे शेरभर गुळाला आठ-दहा शेर रस आटवावा लागतो. उशीर झाला, ऊन चढले, की तोच रस फसफसू लागतो. गूळ आणि दारू यांच्यामध्ये अंतर ते काय चार घटकांचे!

त्या चार घटकांवर सरकारची नजर पडली. दारूवर कर मिळतो, गुळावर मिळत नाही. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला आणि रस काढायच्या झाडावर कर आला. शेजारच्या हैदराबाद संस्थानात तर शिंदी हे तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. झाड शेतकऱ्याच्या बांधावर, पण त्याचा रस ठेकेदाराचा, अशी व्यवस्था रुजली. झाडाचे नाव दारूने घेतले ते असे.

हे उलटे फिरविण्याचा मोठा प्रयत्न आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याची घडी बसविली. १९३६ साली गांधीजी सेगावात राहावयास गेले. पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्या गावाभोवती शिंदी होती. तेथे गजानन नाईक यांनी ताडगुळाचे काम हाती घेतले. विचार सरळ होता : शिंदी पडीक जमिनीत वाढते, तिला विहिरीचे पाणी लागत नाही, दारूबंदीने झाडावर चढणाऱ्याची भाकरी जाणार असेल, तर त्याच्याच कोयत्याला गुळाचे काम द्यावे. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला, तेव्हा या विचाराला विशेष धार आली.

झाडाच्या साखरेवर असा नैतिक भार इतरांनीही टाकला होता. उत्तर अमेरिकेत मेपल वृक्षाला थंडीच्या अखेरीस भोक पाडून रस काढतात व तो आटवून पाक करतात. त्या रसात साखर शेकडा दोनच, म्हणून लिटरभर पाकाला सुमारे चाळीस लिटर रस लागतो. १७९१ साली डॉ. बेंजामिन रश यांनी जेफर्सनला लिहिले, की ही साखर वाढली तर गुलामांच्या श्रमावर पिकणारी उसाची साखर मागे हटेल. तसे झाले नाही. पण मेपलचा पाक टिकला. आज जगातील बहुतांश पाक कॅनडात, मुख्यतः क्विबेक प्रांतात होतो, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या एकेक कुटुंब तो करते.

आपली शिंदी, रस पाचपट गोड असूनही, मागे का पडली? मेपलचे झाड, भट्टी आणि मालकी एकाच घराची. शिवाय रसाच्या दिवसांत शेत बर्फाखाली असते. आमच्याकडे नेमकी तेव्हा कापसाची वेचणी. झाडाचा मालक वर चढत नाही, आणि चढणाऱ्याला झाड नाही. चुलीला लागणाऱ्या पऱ्हाट्या कापूस संपल्यावरच हाती येतात. वर स्वस्त उसाचा गूळ दारात, आणि नीरेलाही परवाना हवा. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. जो कायदा दारू अडविण्यासाठी, त्याच्याच दारात गुळालाही उभे राहावे लागले.

बंगालात मात्र खजुरी गूळ जिवंत आहे, आणि तो याच शिंदीचा. तेथे रस काढणारा झाडे हंगामापुरती खंडाने घेतो, त्याचे घरदार गूळ करते, आणि पौषातल्या पिठ्यांना तोच गूळ लागतो. जयनगरच्या मोव्याला २०१५ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे सणाच्या ताटाने झाड राखले. आम्ही पाने पूजेत घेतली, गोडवा मात्र ताटात घेतला नाही.

आता नांदगावच्या नाल्याकाठची शिंदी विरळ झाली आहे. जी झाडे उभी आहेत, त्यांच्या खोडांवर नवी खाच नाही. चढणाऱ्याला झाडावर हक्क, गुळाला सुटसुटीत परवाना आणि आपल्या घरातून थोडेसे गिऱ्हाईक, एवढे जुळले तर ती वही पुन्हा लिहिली जाईल. यातले पहिले दोन सरकारच्या हाती आहेत. तिसरे मात्र आपल्या स्वयंपाकघरात.