ई-कॅडहेरिन

ई-कॅडहेरिन : त्वचा, जठर, आतडी, स्तनातील दुग्धनलिका यांच्या अस्तरातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे प्रथिन. ते पेशीपटलातून आरपार गेलेले असते. बाहेरचे टोक शेजारणीवरच्या तशाच रेणूला धरते; ही पकड कॅल्शियमवाचून टिकत नाही. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी क्योटोत १९७०च्या दशकात या कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या पकडीचा छडा लावला. उंदराच्या आठपेशीय भ्रूणातल्या सैल पेशी याच प्रथिनामुळे घट्ट बिलगतात.

पण याला निव्वळ डिंक समजणे चूक. निरोगी पेशी प्रयोगशाळेच्या बशीत वाढवल्या, की तळ भरताच त्यांचे विभाजन मंदावते. कर्करोगाच्या पेशी मात्र एकमेकींवर चढत राहतात. शेजार दाटला ही वर्दी आत पोहोचवण्यात ई-कॅडहेरिनचा हात असतो. दाटीत ‘हिप्पो’ ही संदेशसाखळी जागी होते आणि वाढीची जनुके चालू करणाऱ्या ‘यॅप’ प्रथिनाला केंद्रकाबाहेर रोखते. ई-कॅडहेरिनच्या आतल्या टोकाशी बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बांधलेले असते. तेही केंद्रकात शिरले तर वाढीला चालना देऊ शकते; मात्र सुटे झालेले बीटा-कॅटेनिन पेशी सहसा नष्ट करते, त्यामुळे पकड सुटली की कर्करोग झालाच, असे सरळ गणित नाही.

या प्रथिनांचा वाढीला लगाम घालण्याशी असलेला संबंध इतर प्राण्यांतही दिसतो. फळमाशीत ‘फॅट’ नावाचे ई-कॅडहेरिनच्याच कुळातले प्रथिन आहे. ते बिघडले, की अळीच्या शरीरातील पंखांचे मूळ-ऊतक बेसुमार वाढते.

माणसातला सर्वांत बोलका पुरावा न्यूझीलंडमधून आला. तिथल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने दगावत होती. या कुटुंबाच्या सहभागाने ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला, आणि १९९८ मध्ये दोष सापडला तो सोळाव्या गुणसूत्रावरच्या सीडीएच१ या जनुकात, म्हणजे ई-कॅडहेरिनच्या जनुकात. वारशाने एक प्रत सदोष येते. जठराच्या एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, की पेशी सुट्या होऊन अस्तराखाली पसरतात. गाठ होत नसल्याने दुर्बिणीच्या तपासणीतही हा रोग हुलकावणी देतो. म्हणून दोष असलेले अनेकजण रोग दिसण्याआधीच संपूर्ण जठर काढून घेतात. निर्णय जबर आहे, पण त्याने जीव वाचले आहेत.

हा दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर कर्करोगाचाही धोका असतो. कुटुंबात कमी वयात पसरट स्वरूपाचा जठर-कर्करोग किंवा लोब्युलर स्तन-कर्करोग एकाहून अधिक जणांना झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाचा सल्ला जरूर घ्यावा.