वटवाघळाचे कान, पतंगाचे कान

अंधारात वटवाघळाला वाट कशी सापडते, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने प्रथम विचारला तो इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी यांनी, १७९३ साली. मेणबत्ती विझताच त्यांच्याजवळचे घुबड भिंतींवर आपटू लागले. वटवाघळे मात्र निर्धास्तपणे उडत राहिली. मग त्यांनी वटवाघळांचे डोळेच काढले. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा असेच ते कृत्य होते, आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. आंधळी केलेली ही वटवाघळे त्यांनी सोडून दिली. पुढे पाव्हियाच्या कॅथीड्रलच्या घंटाघरात त्यांपैकी काही पुन्हा हाती लागली, तेव्हा डोळस सोबत्यांइतकीच त्यांचीही पोटे कीटकांनी भरलेली आढळली.

जिनिव्हाचे शस्त्रवैद्य लुई जुरीन यांनी १७९४ साली वटवाघळांचे कान बंद केले आणि ती अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालान्झानींनी हा प्रयोग स्वतः पडताळला. त्यांनी कानांत बारीक पितळी नळ्या बसवल्या. नळ्या उघड्या असताना उड्डाण ठीक, बुजवल्या की धडपड. प्रश्नाचे उत्तर येथेच हाती आले होते. परंतु माणसाच्या कानाला वटवाघळाचा आवाजच ऐकू येत नव्हता. जो प्राणी मुक्याने उडतो तो ऐकतो तरी काय, याचा उलगडा स्पालान्झानींना झाला नाही. १७९९ साली ते वारले. त्यांची बहुतेक टिपणे अप्रकाशितच राहिली.

मध्यंतरी फ्रान्सचे विख्यात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांनी निर्णय दिला की, वटवाघूळ पंखांच्या त्वचेतील स्पर्शज्ञानाने अडथळे ओळखते. त्यासाठी त्यांनी स्वतः एकही प्रयोग केला नव्हता. आमची उभी हयात सरकारी दप्तरात गेली. सर्व पुरावा जोडलेले प्रकरण वरिष्ठांच्या एका ओळीच्या शेऱ्याने दप्तरदाखल होते, हा प्रकार आम्हांला नवा नाही. परंतु येथे ते प्रकरण सव्वाशे वर्षे दप्तरातच पडून राहिले. जुरीन यांचे नाव पाठ्यपुस्तकांतूनही जवळजवळ पुसले गेले.

१९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर मशीनगनचे जनक हायरम मॅक्झिम यांनी, वटवाघूळ प्रतिध्वनी ऐकते आणि त्याच तत्त्वावर जहाजांना हिमनग टाळता येतील, असे मांडले. कल्पना बरोबर होती, पण त्यांनी ध्वनी मानला तो पंखांचा, तोही अगदी खालच्या कंप्रतेचा. १९२० साली केंब्रिजचे हॅमिल्टन हार्ट्रिज यांनी तर्क उलटा फिरवला: ध्वनी असेल तर तो आपल्या श्रवणकक्षेच्या वरचा असावा.

माणसाचा कान सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. हार्व्हर्डमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स यांनी त्यापलीकडचे, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी टिपणारे यंत्र बनवले होते. डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी १९३८ साली पिंजऱ्यातील वटवाघळे घेऊन त्यांच्याकडे गेला आणि ती मूक खोली एकदम बोलू लागली. पुढे रॉबर्ट गॅलॅम्बोस यांच्या साथीने ग्रिफिनने खोलीत तारा टांगून प्रयोग केले. कान बंद केले तरी वटवाघळे तारांवर आदळत आणि तोंड बंद केले तरी आदळत. तोंड बांधण्याची ही साधी युक्तीच निर्णायक ठरली. ध्वनी तोंडातून निघतो आणि त्याचा प्रतिध्वनी कान टिपतात, हे सिद्ध झाले. त्याच सुमारास जर्मन ताब्यातील हॉलंडमध्ये स्वेन डायखग्राफ यांनी, कोणत्याही यंत्राशिवाय, उडत्या वटवाघळाची मंद टकटक नुसत्या कानांनी ऐकून १९४३ साली तोच निष्कर्ष काढला. आम्हांला त्यांचे कौतुक अधिक वाटते.

हे वर्णन लहान, कीटकभक्षी वटवाघळांचे आहे, हे येथे सांगणे अवश्य. वडा-पिंपळावर लोंबकळणारी मोठी फलाहारी वटवाघळे डोळ्यांनी आणि वासानेच काम भागवतात. कीटकभक्षी जातींपैकी एक दुर्मीळ जात खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहांत राहते. १९१३ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले, रॉटन या वन अधिकाऱ्याचे नाव तिला मिळाले, आणि पुढे अनेक दशके या गुहांखेरीज जगात अन्यत्र ती कोठेच ठाऊक नव्हती. बेळगाव-गोव्याच्या सीमेवरील आमच्या किती वाचकांना याची कल्पना असेल?

आता भक्ष्याची बाजू. हरभऱ्याच्या घाट्यांत शिरणारी घाटेअळी ज्या कुळातील पतंगाची, त्या कुळातील पतंगांना छातीच्या मागील भागात, कमरेशी, दोन कान असतात. १९५०च्या दशकात अमेरिकेतील केनेथ रोडर आणि ॲशर ट्रीट यांनी या कानांच्या मज्जातंतूंवर सूक्ष्म विद्युत्-अग्र टेकवले. प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी अवघ्या दोन! एक पेशी मंद आवाजालाही जागी होते, दुसरी मोठ्या आवाजालाच. तेवढ्यावर पतंगाचा सारा व्यवहार चालतो. वटवाघूळ दूर असेल तर तो तोंड फिरवून निघून जातो. अगदी जवळ आले तर पंख मिटून घेतो किंवा गिरक्या खात जमिनीकडे कोसळतो. वटवाघळाची चाहूल त्याला सुमारे ३० मीटरवरून लागते. वटवाघळाला तो दिसतो, म्हणजे ऐकू येतो, काही मीटरवरच. रात्रीच्या उजेडझोतात ४०२ झुंजी पाहून या संशोधकांनी हिशेब मांडला: हुलकावणी देणारे १०० पतंग वाचत, तेथे न देणारे ६० वाचत.

काही पतंग स्वतःच टकटक आवाज करतात. अशा एका अमेरिकन पतंगाच्या आवाजाने वटवाघळाची प्रतिध्वनीची मोजदाद बिघडते, हे २००९ साली दाखवले गेले. वटवाघळाच्या भयाने पतंगांना कान फुटले, ही समजूत मात्र २०१९ साली ढिली झाली. जनुकीय वंशावळीवरून दिसले की, पतंगांच्या अनेक कुळांत कान वटवाघळांच्याही आधी आले होते. ते कशासाठी, यावर वाद आहे.

ट्रीट यांनी वर्णन केलेला एक कोळीवर्गी सूक्ष्म जीव पतंगाच्या कानात घर करून पडदा फोडतो आणि तेथेच अंडी घालतो. मागून येणारे त्याचे भाईबंद पहिल्याच्या मागावरून त्याच कानात शिरतात. दुसरा कान शाबूत राहतो. दोन्ही कान गेले, तर पतंगाबरोबर पाहुणेही वटवाघळाच्या पोटात जातील.