फुफ्फुसातील गाठ आणि ओढ्यातला खेकडा

क्ष-किरण चित्रात फुफ्फुसावर डाग दिसला आणि खोकल्यातून रक्त पडले की, निदान क्षयाकडे झुकते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र तपासणीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि औषधांनी गुण येत नाही, अशा वेळी ‘पॅरागोनिमस’ या चपट्या कृमीचा विचार व्हायला हवा. भारतात हा आजार प्रामुख्याने ईशान्येकडे, मणिपूर, नागालँड व अरुणाचल प्रदेशात आढळतो. या कृमीचे पहिले वर्णन १८७८ मध्ये झाले, तेही प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुफ्फुसावरून!

कृमीची अंडी पाण्यात जातात, तेथून गोगलगाईत आणि पुढे खेकड्यात वाढ होते. खेकडा कच्चा राहिला, तर अळी माणसाचे आतडे व श्वासपटल भेदून फुफ्फुसात घर करते. जव्हार तालुक्यातील दाभोसा परिसरासारख्या डोंगराळ भागात ओढ्यातले खेकडे निखाऱ्यावर भाजून खाण्याची रीत जुनी आहे. खेकडा आतपर्यंत भाजला गेला, तर भीती नाही. कच्चा खेकडा ठेचलेला पाटा आणि हात मात्र न धुता वापरू नयेत.

गाठ कर्करोगाची असावी, या शंकेने अनेकदा सुईची तपासणी, म्हणजे ‘एफएनएसी’, केली जाते. सीटी स्कॅन वा सोनोग्राफीच्या आधारे छातीतून बारीक सुई गाठीत नेऊन थोडा द्रव ओढतात आणि काचपट्टीवर पसरतात. कर्करोगाच्या पेशींऐवजी तेथे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी आणि सोनेरी-तपकिरी, एका टोकाला झाकण असलेली अंडी दिसली, की निदान पक्के होते. अंड्याची लांबी ८० ते १२० मायक्रॉन, म्हणजे क्षयजंतूच्या कित्येक पट असते. क्षयासाठीची जनुकीय चाचणी मात्र क्षयजंतूच शोधते. अंडे तिला दिसत नाही.

सुईमुळे फुफ्फुसाभोवती हवा साचण्याचा धोका असतो. हायडॅटिड गाठीचा संशय असल्यास तर सुई टाळतातच, कारण आतला द्रव सांडल्यास तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. म्हणून आधी थुंकीत अंडी शोधणे इष्ट. त्याहूनही आधी, रुग्ण खेकडे खातो का आणि कसे, एवढे विचारण्यास खर्च काहीच नाही. निदान झाल्यावर प्राझिक्वान्टेल हे औषध दिवसातून तीनदा, साधारण दोन दिवस दिले जाते. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो.