‘ट्यूनिंग’ : एका शब्दाचा अर्थपालट आणि ठाणे-कल्याण परिसरातील मोटार

प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनी संशोधनाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा आपल्या आवडीची स्पोर्ट्स कार निवडतो, तिचे गिअर, स्प्रिंग, ब्रेक यांत फेरफार करतो आणि या उद्योगाला ‘ट्यूनिंग’ म्हणतो. तरुणांचा विरंगुळा म्हणून हा प्रकार सोडून देण्याकडे विद्वानांचा कल असतो. परंतु हा शब्द आमच्या परिसरात या खेळांबरोबर आलेला नाही. तो त्यापूर्वी कित्येक वर्षे येथे रुळलेला होता, आणि त्याचा अर्थ आजच्या अर्थाच्या जवळजवळ उलट होता. हा पालट कसा झाला याचा शोध घेतल्यास येथील मध्यमवर्गाच्या यंत्राशी असलेल्या नात्यावर काही प्रकाश पडेल, असे आम्हांस वाटते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही गावे आजच्या स्वरूपात रेल्वेने घडविली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून येथील नोकरदाराचा प्रवास हा मुख्यतः उतारूचा प्रवास राहिला. वेग, मार्ग व थांबा यांपैकी कोणतीच गोष्ट उतारूच्या हाती नसते. मोटार मोजक्यांकडेच असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाटच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडू लागल्या. त्यांतील एक १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परवाना पद्धतीच्या त्या काळात ग्राहकाला फियाट, अ‍ॅम्बॅसडर अशा दोन-तीन नावांपलीकडे निवड करण्याचा प्रसंगच येत नसे. नाव नोंदवावे, वर्षानुवर्षे वाट पाहावी, मिळेल ती गाडी घ्यावी आणि ती दोन दशके टिकवावी, असा शिरस्ता होता.

‘ट्यूनिंग’ हा शब्द याच काळात गॅरेजमधून घरगुती मराठीत आला. ‘गाडी ट्यूनिंगला दिली आहे’ या वाक्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असे. मेकॅनिक प्लग साफ करी, पॉइंटमधील फट व टॅपेट ठीक करी, कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकी आणि तो एकसारखा झाला म्हणजे हात पुसून उभा राही. कारखान्याने ठरवून दिलेल्या स्थितीपासून ढळलेले यंत्र पुन्हा त्या स्थितीस आणणे, एवढाच या कामाचा हेतू होता. गाडीने मालकाच्या स्वभावाप्रमाणे वागावे, ही कल्पना त्यात नव्हती.

गेममधील ट्यूनिंगचा उगम निराळा आहे. ब्रिटनमध्ये जेफ क्रॅमंड यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी केलेल्या ‘रेव्हज’ या खेळात शर्यतीपूर्वी मोटारीच्या पुढील व मागील पंखांचा कोन बदलता येत असे. २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘ग्रान तुरिस्मो’ प्रसिद्ध झाला आणि या पद्धतीस व्यापक रूप आले. सुमारे १४० मोटारी, हाती थोडे पैसे, त्यातून घ्यावयाची एखादी जुनी गाडी, आणि मग क्रमाक्रमाने गिअरचे प्रमाण, स्प्रिंगचा ताठरपणा, जमिनीपासूनची उंची व चाकांचा कल यांत करावयाचे बदल, अशी त्याची रचना होती. आमच्या परिसरात मात्र स्टेशनांजवळच्या, तासावर पैसे घेणाऱ्या संगणक-केंद्रांतून ‘नीड फॉर स्पीड’ ही मालिका अधिक परिचित झाली. तिच्या २००५ मधील ‘मोस्ट वॉन्टेड’ या भागातही सुकाणू, ब्रेक व उंची यांचे समायोजन करण्याची सोय होती.

येथे शब्दाचा अर्थ पालटतो. समजा, वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते. तेव्हा खेळणारा मागील अँटी-रोल बार अधिक ताठ करतो आणि गाडी आत वळू लागते. मार्ग नागमोडी असेल तर तो गिअरचे अंतिम प्रमाण वाढवतो. कमाल वेग घटतो, पण वळणातून बाहेर पडताना गती लवकर येते. प्रत्येक लाभासाठी काहीतरी सोडावे लागते. दोन खेळाडू एकच मोटार घेऊन दोन भिन्न निर्णयांवर येतात, आणि दोन्ही आपापल्या हाताला योग्य ठरतात. कारखान्याने दिलेली स्थिती ही आता केवळ आरंभाची जागा होय. मराठीत याला जवळचा प्रयोग गॅरेजपेक्षा गायनाच्या बैठकीत सापडतो. तंबोरा जुळवताना गायकाची पट्टी प्रमाण मानली जाते. प्रत्येक गळ्यासाठी तो निराळा लावावा लागतो.

या संदर्भात एक स्थानिक दुवा उल्लेखनीय आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रीमियर व फ्रान्सची प्यूजो यांच्या संयुक्त कंपनीने डोंबिवलीजवळील कारखान्यात ‘३०९’ ही मोटार तयार केली. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले आणि तो प्रयत्न संपला. ही ‘३०९’ प्यूजोच्या ‘२०५’ या मोटारीच्या पायावर रचलेली होती. त्याच ‘२०५’ चे नाव व रूप धारण करणाऱ्या ‘टर्बो १६’ या शर्यतीच्या गाडीने १९८५ व १९८६ मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत उत्पादकांचे विजेतेपद मिळविले, आणि २००४ च्या ‘ग्रान तुरिस्मो ४’ मध्ये ती खेळाडूंच्या हाती आली. ज्या गावाच्या वेशीवरील कारखाना बंद पडला, तेथील मुलाला त्याच कुळातील गाडी पडद्यावर निवडता व आपल्या हाताप्रमाणे जुळवता आली, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

यावर असा आक्षेप येईल की पडद्यावरील ज्ञान खोटे आहे. तेथे पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत, आणि चूक झाल्यास एक कळ दाबून पूर्ववत करता येते. आक्षेपात तथ्य आहे. मेकॅनिकचा कान गेममध्ये तयार होत नाही. परंतु कारण व परिणाम यांचा संबंध ओळखणे, एका वेळी एकच घटक बदलून पाहणे आणि आपल्या निर्णयाची किंमत जाणणे, ही बौद्धिक शिस्त तेथे लागते, हे नाकारता येणार नाही. उतारूंच्या या प्रदेशात, जेथे दारात गाडी उभी करण्यास जागा मिळणेही कठीण, तेथे चालकाचा विचार करण्याची सवय अनेकांना प्रथम याच मार्गाने लागली असावी, असे आमचे अनुमान आहे.

हे अनुमान तपासावयाचे तर साधने हवीत, आणि ती झपाट्याने नष्ट होत आहेत. पहिल्या प्लेस्टेशनच्या १२८ किलोबाइटच्या मेमरी कार्डात एखाद्या मुलाची सारी निवड साठलेली असे. अशी किती कार्डे केरात गेली असतील! संगणक-केंद्रांतील यंत्रे मोडीत निघाली. अलीकडील खेळांची स्थिती याहून बरी नाही. ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ ची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी थांबली. ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. ‘फोर्झा होरायझन ४’ ची विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी थांबविण्यात आली. पद्मिनीच्या ट्यूनिंगची वहीही कोणी ठेवली नव्हती. पण तो मेकॅनिक निदान आठवणीतून सांगू शकतो, आणि गाडीही कोठेतरी उभी असते. येथे सर्व्हर बंद झाला की गाडी, तिची जुळवणी व तो मार्ग ही तिन्ही एकाच दिवशी नाहीशी होतात.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आमची सूचना अशी की, ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील जुने मेकॅनिक आणि २००० च्या आसपास खेळू लागलेली पिढी यांच्या मुलाखती एकाच प्रश्नावलीने घ्याव्यात. ‘ट्यूनिंग म्हणजे काय?’ हा पहिला प्रश्न असावा. दोन्ही पिढ्या आज बोलावयास उपलब्ध आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यात हानीच आहे.