सागाचे भाडे : डांगच्या जंगलाची गोष्ट

गुजरातच्या आग्नेय कोपऱ्यात, नाशिक जिल्ह्याला लागून असलेला डांग हा सुमारे 1,764 चौरस किलोमीटरचा जिल्हा सह्याद्रीच्या उत्तरेकडील उतारांवर पसरला असून अंबिका, पूर्णा, गिरा आणि खापरी या नद्यांनी तो खोलवर चिरला आहे. 'डांग' म्हणजे डोंगराळ, दाट रानाचा मुलूख. अकोले-इगतपुरीकडचे 'डांगाण' आणि कातडीतून सुटणाऱ्या तेलकट स्रावामुळे मुसळधार पावसातही तग धरणारी 'डांगी' गुरे याच शब्दाची आप्त होत.

येथील भिल्ल, कोकणा आणि वारली उतारावर राब भाजत, म्हणजे तोडलेल्या फांद्या व पालापाचोळा जमिनीवर जाळून त्या राखेत नागली आणि वरई पेरीत, आणि जमीन दमली की दुसऱ्या उतारावर जात. धान्य संपल्यावर मोहाची फुले व कंदमुळे आधाराला येत. बांबूच्या टोपल्या विणणारे कोटवाळिया आणि खैरापासून कात काढणारे काथोडी यांचे जगणेही रानावरच उभे होते. अशा जीवनक्रमात एका जागी खिळून राहणे हा दोष ठरला असता, हे पुढील राज्यकर्त्यांच्या ध्यानात कधीच आले नाही.

भिल्ल राजे सपाटीवरच्या गावांकडून 'गिरास', म्हणजे परंपरेने आपला मानलेला वाटा, वसूल करीत. इंग्रजांना ती लूट वाटली आणि 1830 मध्ये जेम्स आउट्रमने खानदेशातून डांगावर स्वारी केली. परंतु डांगचे खरे रूपांतर तलवारीने नव्हे, तर कागदाने झाले. जहाजबांधणीसाठी सागाची निकड वाढल्यावर कंपनी सरकारने 1842 मध्ये राजांकडून जंगलाचा भाडेपट्टा घेतला, ज्यात वार्षिक रकमेच्या मोबदल्यात लाकूड तोडण्याचा हक्क सरकारकडे गेला. मुलूख राजांचा आणि झाडे सरकारची, अशी ही विभागणी होती. झाडांवाचून त्या मुलखाला काय अर्थ उरतो, हे रानात राहणाऱ्यांना लवकरच अनुभवास आले. त्या शतकाच्या अखेरीस 'राखीव' जंगलात शेतीला मनाई झाली, 'संरक्षित' जंगलात ती नियमांच्या चौकटीत उरली, आणि ज्यांनी त्या कागदावर अंगठाही उमटवला नव्हता त्यांच्या पायाखालचे उतार निघून गेले. पुढे बडोदे संस्थानाने बांधलेली बिलिमोरा-वघई ही 63 किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे सागाच्या वाहतुकीची वाट झाली.

स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात आला आणि डांगी बोली मराठीची की गुजरातीची, हा वाद रंगला. दोन्ही बाजूंनी त्या बोलीचा स्वतंत्र बाज फारसा विचारात घेतला नाही. 1960 मध्ये जिल्हा गुजरातकडे गेला. संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद झाले, तरी होळीपूर्वी आहव्यात भरणाऱ्या डांग दरबारात राजांच्या वंशजांना सालियाना, म्हणजे वार्षिक मानधन, आजही दिले जाते. त्याला बक्षीस समजणे चुकीचे आहे, कारण त्याचे मूळ सागाच्या भाड्यात आहे. उतार कसणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला मात्र ते भाडे आले नाही. त्यांच्या कसवणुकीला कायद्याने मान्यता देण्याची तरतूद 2006 च्या वनहक्क कायद्याने केली, आणि त्यातून मिळणाऱ्या कागदालाही लोक पट्टाच म्हणतात.